विश्लेषण : डीएनए तोडणारे एन्झाइम काय काम करतात? छातीतल्या पूपासून लशीच्या कारखान्यापर्यंत…

डीएनए म्हटले की आनुवंशिकता, गुन्ह्याचा तपास किंवा पितृत्वाची चाचणी आठवते. पण पेशीतून बाहेर पडलेला डीएनए हा एक चिकट कचराही असतो. तो फुप्फुसात साचला तर श्वास अडतो, लशीच्या टाकीत राहिला तर लस शुद्ध होत नाही. हा कचरा साफ करणारी एन्झाइम माणसाला ७५ वर्षांहून अधिक काळ माहीत आहेत. औषध म्हणून ती कुणाला उपयोगी पडतात, कारखान्यात ती का लागतात आणि अंबाजोगाईसारख्या ठिकाणच्या रुग्णाचा त्यांच्याशी काय संबंध, याविषयी…

चर्चा छातीतल्या पूपासून का सुरू करायची?

न्यूमोनिया होतो. औषधे चालू असूनही ताप उतरत नाही. श्वास घेताना कुशीत कळ येते. एक्स-रे काढला तर एका बाजूची छाती खालून पांढरी दिसते. डॉक्टर बरगड्यांमधून सुई घालतात आणि सिरिंजमध्ये पाण्याऐवजी दाट पू येतो. फुप्फुसाभोवतीच्या दोन आवरणांमध्ये पू साचण्याच्या या आजाराला ‘एम्पायेमा’ म्हणतात. जिथे न्यूमोनिया आणि क्षयरोग दोन्ही आहेत आणि जिथे रुग्ण अंगावर दुखणे काढून उशिरा दवाखान्यात येतो, तिथे हा आजार नवा नाही.

अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लोकांच्या बोलण्यातले ‘स्वाराती’, १९७४ साली सुरू झाले. ग्रामीण भागात उभे राहिलेले आशियातले पहिले वैद्यकीय महाविद्यालय अशी त्याची ओळख सांगितली जाते. बीड जिल्ह्यातल्या आणि शेजारच्या तालुक्यांतल्या रुग्णांसाठी मोठा सरकारी दवाखाना म्हणजे स्वाराती. अशा रुग्णालयात एम्पायेमाच्या रुग्णावर होणारा पहिला उपचार जगभर होतो तोच असतो : प्रतिजैविके द्यायची आणि छातीत नळी टाकून पू बाहेर काढायचा.

अडचण पुढे येते. काही रुग्णांच्या छातीतला पू नळीतून वाहतच नाही. तो घट्ट असतो आणि त्याचे आत कप्पे झालेले असतात. नळी आहे, पण बाटलीत काही पडत नाही. मग शस्त्रक्रिया करून आवरण मोकळे करावे लागते. रुग्ण ऊसतोडीला जाणारा असेल, मुकादमाकडून उचल घेतलेली असेल, तर दवाखान्यातला एकेक दिवस त्याला आणि सोबत थांबलेल्या माणसाला महाग पडतो. शस्त्रक्रियेसाठी छत्रपती संभाजीनगर किंवा पुण्याला जायची वेळ आली तर खर्च आणखी वाढतो. म्हणून ‘पू घट्ट का होतो आणि तो पातळ करता येईल का’ हा प्रश्न पुस्तकी नाही.

पू घट्ट होतो तो डीएनएमुळे?

बऱ्याच अंशी, होय. जंतूंशी लढायला शरीर पांढऱ्या पेशी पाठवते. त्या लाखोंनी मरतात, फुटतात आणि त्यांच्यातला डीएनए बाहेर पडतो. काही पांढऱ्या पेशी तर जंतूंना अडकवण्यासाठी स्वतःच्या डीएनएचे जाळे मुद्दाम बाहेर फेकतात, हे २००४ साली संशोधकांनी दाखवून दिले. लढाई संपते, पण जाळे तिथेच राहते.

डीएनए चिकट का, हे त्याच्या लांबीवरून कळते. माणसाच्या एका पेशीतला डीएनए सरळ केला तर तो सुमारे दोन मीटर भरतो. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाएवढ्या केंद्रकात तो घडी घालून ठेवलेला असतो. अंबाजोगाईकरांना दासोपंतांची पासोडी माहीत असते. लांबलचक कापडावर लिहिलेला तो ग्रंथ नीट गुंडाळलेला असेल तर सांभाळता येतो, वाचता येतो. पण तशी लाखो कापडे एकाच हौदात सोडून कालवली तर ती एकमेकांत गुंततील आणि हौदाचे तोंड बंद होईल. फुटलेल्या पेशींच्या डीएनएचे असेच होते. भेंडी चिरल्यावर जशी तार सुटते, तसा तो पूला आणि कफाला तार आणतो.

जंतूही याचा फायदा घेतात. अनेक जीवाणू एकत्र येऊन स्वतःभोवती बुळबुळीत थर तयार करतात. त्याला ‘बायोफिल्म’ म्हणतात. हा थर सुरुवातीला एकत्र धरून ठेवण्यात बाहेर पडलेल्या डीएनएचा वाटा असतो, हे २००२ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून समोर आले. अशा थरात बसलेल्या जंतूंपर्यंत प्रतिजैविक पोहोचणे अवघड जाते.

डीएनेज म्हणजे नेमके काय?

एन्झाइम, म्हणजे मराठी पाठ्यपुस्तकातले ‘विकर’, हे ठरावीक रासायनिक काम वेगाने घडवून आणणारे प्रथिन असते. डीएनएचा धागा तोडणाऱ्या एन्झाइमला ‘डीएनेज’ म्हणतात. डीएनए आणि आरएनए दोन्ही तोडणारी एन्झाइमही आहेत, त्यांना ‘न्यूक्लिएज’ या सामान्य नावाने ओळखतात.

हे काही परके रसायन नाही. आपल्या स्वादुपिंडात, लाळेत आणि रक्तातही डीएनेज असते. रोज मरणाऱ्या पेशींचा डीएनए साफ करण्याचे काम ते करते. जेवणातल्या भाजीचा, मांसाचा डीएनए आतड्यात याच जातीची एन्झाइम तोडतात.

इथे एक गल्लत टाळायला हवी. जनुक बदलण्यासाठी वापरले जाणारे ‘क्रिस्पर’ तंत्र ठरवलेल्या एकाच जागी डीएनए कापते. डीएनेज तशी निवड करत नाही. ते दिसेल तो उघडा धागा तोडत जाते. एक शिंप्याची कात्री आहे, दुसरा कडबा तोडणारा अडकित्ता. म्हणूनच उपचारात डीएनेज घेतल्याने माणसाची जनुके बदलत नाहीत. जिवंत पेशीच्या आतला डीएनए आवरणाआड सुरक्षित असतो. डीएनेज तुटते-फुटते करते ते बाहेर सांडलेल्या डीएनएला.

औषध म्हणून त्याचा वापर कधी सुरू झाला?

१९४०च्या दशकाच्या अखेरीस. न्यूयॉर्कमध्ये विल्यम टिलेट आणि सोल शेरी हे डॉक्टर स्ट्रेप्टोकोकस जीवाणूपासून मिळालेले मिश्रण छातीतल्या पूवर आणि रक्ताच्या गाठींवर वापरून पाहत होते. त्या मिश्रणात दोन एन्झाइम होती. रक्ताच्या जाळ्यावर काम करणारे स्ट्रेप्टोकायनेज आणि डीएनए तोडणारे स्ट्रेप्टोडॉर्नेज. पूच्या घन भागात डीएनएचा मोठा वाटा आहे हे त्यांच्या कामातून स्पष्ट झाले.

पुढे गुरांच्या स्वादुपिंडातून काढलेले डीएनेज अमेरिकेत १९५०च्या दशकात औषध म्हणून आले. कफ पातळ व्हायचा, पण प्राण्याचे प्रथिन असल्याने काहींना त्याचा त्रास व्हायचा. ते मागे पडले.

१९९० साली जेनेन्टेक कंपनीत स्टीव्हन शॅक आणि सहकाऱ्यांनी मानवी डीएनेजचे जनुक वेगळे करून ते एन्झाइम प्रयोगशाळेत बनवले. सिस्टिक फायब्रोसिस या आनुवंशिक आजारात फुप्फुसात घट्ट कफ साचतो. त्या कफात हे एन्झाइम टाकताच न वाहणारा गोळा काही मिनिटांत वाहू लागला. ९६८ रुग्णांवर २४ आठवडे झालेल्या मोठ्या चाचणीनंतर डिसेंबर १९९३ मध्ये अमेरिकेने ‘डॉर्नेज अल्फा’ला परवानगी दिली. ते रोज नेब्युलायझरने घ्यायचे असते. तीन दशकांनंतरही ते वापरात आहे.

छातीतल्या पूवर ते चालते का?

इथे विज्ञानाने दोनदा वळण घेतले. अनेक वर्षे डॉक्टर नळीतून नुसते स्ट्रेप्टोकायनेज सोडत होते. ब्रिटनमध्ये ४५४ रुग्णांवर झालेल्या चाचणीचा निकाल २००५ साली आला. स्ट्रेप्टोकायनेजने मृत्यूही कमी झाले नाहीत आणि शस्त्रक्रियाही टळल्या नाहीत.

मग त्याच परंपरेतली दुसरी चाचणी झाली. २१० रुग्णांचे चार गट करण्यात आले. एका गटाला टीपीए हे जाळे विरघळवणारे औषध आणि डीएनेज दोन्ही, दुसऱ्याला नुसते टीपीए, तिसऱ्याला नुसते डीएनेज, चौथ्याला औषध नसलेले द्रावण. २०११ साली निकाल प्रसिद्ध झाला. दोन्ही औषधे मिळालेल्या गटात एक्स-रेवरची पांढरी सावली सर्वांत जास्त कमी झाली. तीन महिन्यांत शस्त्रक्रियेसाठी पाठवावे लागलेल्यांचे प्रमाण औषध नसलेल्या गटात १६ टक्के होते, दोन्ही औषधांच्या गटात ४ टक्के. दवाखान्यातला मुक्काम सरासरी ६.७ दिवसांनी घटला.

सर्वांत बोलका आकडा मात्र तिसऱ्या गटाचा होता. नुसते डीएनेज मिळालेल्यांपैकी ३९ टक्के रुग्णांना शस्त्रक्रियेसाठी पाठवावे लागले. म्हणजे काहीच न देण्यापेक्षाही वाईट. पूमध्ये डीएनएचा चिकटपणा असतो आणि फायब्रिनच्या पडद्यांनी झालेले कप्पेही असतात. कप्पे फुटले नाहीत तर पातळ झालेला पूही जागेवरच राहतो. म्हणून ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०२३च्या मार्गदर्शक सूचना सांगतात की, नळीतून पू येणे थांबले आणि आत पू शिल्लक असेल तर टीपीए आणि डीएनेज एकत्र देण्याचा विचार करावा. यातले एकच औषध देऊ नये, आणि स्ट्रेप्टोकायनेजही वापरू नये.

‘अमुक एन्झाइम अमुक आजारावर रामबाण’ अशा पोस्ट पुढे पाठवणाऱ्यांनी हा ३९चा आकडा लक्षात ठेवावा. योग्य जोडीत जे औषध शस्त्रक्रिया टाळते, तेच एकटे दिले तर नुकसान करू शकते.

मग हा उपचार सगळीकडे का होत नाही?

पहिले कारण खर्च. चाचणीत डीएनेज दर वेळी ५ मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, तीन दिवस दिले गेले. एकूण ३० मिलिग्रॅम. डॉर्नेज अल्फाची एक कुपी २.५ मिलिग्रॅमची असते, म्हणजे एका रुग्णाला १२ कुप्या. त्यासोबत दर वेळी १० मिलिग्रॅम याप्रमाणे ६० मिलिग्रॅम टीपीए. दोन्ही औषधे जैवतंत्रज्ञानाने, सस्तन प्राण्यांच्या पेशींमध्ये तयार केली जातात. ती साध्या गोळ्यांच्या भावात मिळणारी नाहीत. सिस्टिक फायब्रोसिसच्या भारतीय रुग्णांनाही डॉक्टर अनेकदा तीव्र मिठाच्या पाण्याची वाफ देतात, कारण ती परवडते.

दुसरे कारण साठवण. डॉर्नेज अल्फा २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये, उजेडापासून दूर ठेवावे लागते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडणाऱ्या आणि वीज जाणाऱ्या भागात ही साखळी सांभाळणे हे वेगळे काम असते. लशींसाठी सरकारी यंत्रणेने ते करून दाखवले आहे, म्हणजे ते अशक्य नाही.

तिसरे कारण वेळ. आजार जुना झाला की फुप्फुसावर जाड साल चढते. ती एन्झाइमने विरघळत नाही, शस्त्रक्रियेनेच काढावी लागते. टीपीएमुळे रक्तस्राव होण्याचा धोका असतो, म्हणून रुग्ण निवडून आणि लक्ष ठेवून उपचार करावा लागतो. वरची चाचणी ब्रिटनमधल्या रुग्णांवर झाली. आपल्याकडे छातीत पाणी किंवा पू होण्यामागे क्षयरोगाचा वाटा मोठा आहे आणि तिथे मूळ उपचार क्षयरोगाच्या औषधांचाच राहतो. तिकडचा आकडा जसाच्या तसा इकडे लावता येणार नाही.

तरी हिशेब करण्यासारखा आहे. एका बाजूला १२ कुप्या आणि टीपीए. दुसऱ्या बाजूला खाटेवरचा आठवडा, शस्त्रक्रिया, प्रवास, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी. दवाखान्याच्या खरेदीच्या वहीत पहिली बाजू दिसते. दुसरी बाजू रुग्णाच्या घरात खर्ची पडते, म्हणून ती वहीत कुठेच येत नाही.

लशीच्या कारखान्यात डीएनए का तोडतात?

आता पुण्याकडे वळू. अनेक लशी आणि जैविक औषधे जिवंत पेशींमध्ये वाढवली जातात. विषाणू किंवा प्रथिन बाहेर काढण्यासाठी पेशी फोडल्या की त्यांचा डीएनए द्रावणात सांडतो. द्रावण घट्ट होते, गाळण्या तुंबतात. वॉर्डात छातीतल्या नळीचे जे होते तेच इथे स्टीलच्या टाकीत होते. त्यावर उपायही तोच, डीएनए तोडायचा.

यासाठी सर्वांत परिचित एन्झाइम मूळचे सेराशिया मार्सेसेन्स या जीवाणूचे आहे. जर्मनीची मर्क कंपनी ते ‘बेन्झोनेज’ नावाने विकते. ते डीएनए आणि आरएनए दोन्हींचे बारीक तुकडे करते. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने बनवलेली कोव्हिशिल्ड ज्या ऑक्सफर्ड तंत्रावर आधारलेली आहे, त्या गटाने अ‍ॅडेनोव्हायरस लशी बनवण्याची प्रसिद्ध केलेली पद्धत पाहिली तर पेशी फोडल्यानंतर न्यूक्लिएज वापरण्याची पायरी दिसते.

एमआरएनए लशीत तर ही पायरी आणखी मध्यवर्ती आहे. आधी डीएनएचा साचा बनवतात, त्यावरून आरएनएच्या प्रती काढतात आणि काम झाले की डीएनेज घालून साचा नष्ट करतात. भारताची पहिली एमआरएनए लस पुण्याच्या जेनोव्हा बायोफार्मास्युटिकल्सने तयार केली. ‘जेमकोव्हॅक-१९’ या लशीला जून २०२२ मध्ये आपत्कालीन वापराची परवानगी मिळाली. ती साध्या फ्रिजच्या तापमानाला टिकते.

हा वापर लशींपुरता नाही. कपड्यांच्या धाग्यात अडकलेल्या घामाच्या आणि जीवाणूंच्या थरातही डीएनए असतो, तो धुऊन निघावा म्हणून धुण्याच्या पावडरीत डीएनेज घालण्याचे काम डेन्मार्कच्या नोव्होझाइम्स कंपनीने पुढे नेले आहे.

‘लशीत डीएनए सापडला’ या पोस्टमध्ये तथ्य किती?

२०२३ पासून एमआरएनए लशींच्या कुप्यांमध्ये डीएनएचे तुकडे आढळल्याचे दावे समाजमाध्यमांवर फिरत आहेत. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या आरोग्यप्रमुखांनी या मुद्द्यावरून त्या लशी थांबवण्याची मागणी केली. मराठी व्हॉट्सअ‍ॅप गटांतही ‘डीएनए घुसवला, कर्करोग होणार’ असे संदेश आले.

यातला खरा भाग असा की, डीएनएचे सूक्ष्म अवशेष लशीत राहतात. ते गुपित नाही, म्हणूनच त्यावर मर्यादा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी १९८६ साली पेशींमध्ये वाढवलेल्या उत्पादनांसाठी दर डोसमागे १०० पिकोग्रॅमची मर्यादा सुचवली होती. अनुभव वाढल्यावर ती १० नॅनोग्रॅम करण्यात आली. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग. तुकडे किती लहान आहेत हेही पाहिले जाते. ते साधारण २०० अक्षरजोड्यांपेक्षा लहान असावेत, अशी अमेरिकी नियामकांची अपेक्षा असते, कारण इतक्या छोट्या तुकड्यात काम करणारे पूर्ण जनुक बसत नाही. डीएनेजची पायरी आहे ती नेमकी यासाठी.

खोटा भाग पुढे सुरू होतो. या अवशेषांमुळे माणसांत कर्करोग झाल्याचा पुरावा पुढे आलेला नाही. अमेरिका, युरोप आणि ऑस्ट्रेलियाच्या नियामकांनी हे दावे फेटाळले आहेत. महाराष्ट्रातल्या वाचकासाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची. हा वाद एमआरएनए लशींचा आहे. इथे बहुतेकांनी कोव्हिशिल्ड किंवा कोव्हॅक्सिन घेतली, या दोन्ही एमआरएनए लशी नाहीत. कोव्हिशिल्डमधला विषाणू तर मुळातच डीएनए वाहून नेणारा आहे, तीच त्या लशीची पद्धत आहे. त्यामुळे ‘लशीत डीएनए सापडला’ असा मथळा कोणत्या लशीबद्दल आणि किती प्रमाणाबद्दल आहे, हे न सांगणारी पोस्ट माहिती देत नाही, भीती देते.

अंबाजोगाईच्या प्रयोगशाळेत हे एन्झाइम होते का?

थेट डीएनेजची बाटली म्हणून नव्हे, पण डीएनए तोडण्याची क्रिया होती. करोनाच्या काळात बीड जिल्ह्यातले घशाचे नमुने स्वारातीच्या प्रयोगशाळेत तपासले जात होते. आरटीपीसीआरच्या प्रचलित किटमध्ये डीएनएचा एक छोटा तुकडा टाकलेला असतो. त्याच्या एका टोकाला चमकणारा रेणू आणि दुसऱ्या टोकाला ती चमक दाबणारा रेणू असतो. नमुन्यात विषाणू असेल तर त्याच्या प्रती काढणारे ‘टॅक’ एन्झाइम पुढे सरकताना हा तुकडा तोडते. चमक मोकळी होते आणि यंत्राला ती दिसते. ‘पॉझिटिव्ह’ हा शब्द ज्या प्रकाशावरून ठरत होता, तो डीएनए तुटल्यामुळे पडत होता.

महाराष्ट्रात यावर संशोधन झाले आहे का?

झाले आहे, आणि चांगले. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत व्ही. शंकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अनेक वर्षे न्यूक्लिएजवर काम केले. शिळ्या पावावर वाढणाऱ्या ऱ्हायझोपस बुरशीपासून त्यांनी डीएनए तोडणारे एन्झाइम वेगळे केले आणि ते कसे काम करते ते तपासले. या एन्झाइमांचा सर्वंकष आढावा घेणारे त्यांचे लेख २००१ आणि २००३ साली आंतरराष्ट्रीय सूक्ष्मजीवशास्त्राच्या नियतकालिकात आले.

म्हणजे एकाच राज्यात एन्झाइम समजणारी प्रयोगशाळा आहे, ते वापरणारा जगातल्या मोठ्या लसउद्योगांपैकी एक आहे आणि त्याची गरज पडू शकेल असे रुग्ण आहेत. या तिघांना जोडणारा दुवा कच्चा आहे. एन्झाइम प्रयोगशाळेत वेगळे करणे आणि ते माणसाला देता येईल इतके शुद्ध, दर खेपेला सारखे आणि परवडणाऱ्या भावात बनवणे यात मोठे अंतर असते. १६ एप्रिल २०२१ रोजी सीरमचे अदर पूनावाला यांनी अमेरिकेच्या अध्यक्षांना उद्देशून कच्च्या मालावरील निर्यातबंदी उठवण्याचे आवाहन केले, तेव्हा हे अंतर सर्वांना दिसले होते. लस इथे बनत होती, पण ती बनवायला लागणाऱ्या वस्तूंसाठी बाहेर पाहावे लागत होते.

केंद्रीय मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये ‘बायोई३’ धोरण मंजूर केले. जैवउत्पादनाला चालना देणाऱ्या या धोरणात एन्झाइमांचा उल्लेख आहे. रशियाने डॉर्नेज अल्फाची स्वतःची आवृत्ती २०१९ साली आणली, म्हणजे मूळ कंपनीबाहेर हे औषध बनू शकते. सरकारी रुग्णालयांसाठी औषधखरेदी करायला महाराष्ट्रात २०२३ च्या कायद्याने वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आले आहे. मोठ्या संख्येने मागणी नोंदवली तर भाव खाली येतो, हे लशींनी दाखवले आहे. पण मागणी नोंदवण्यासाठी आधी जिल्ह्याच्या पातळीवरची माहिती हवी : किती रुग्णांची नळी तुंबली, किती जणांना पुढे पाठवले, किती जणांच्या खाटेवरच्या दिवसांत फरक पडला असता. वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या गावात ही नोंद ठेवणे इतर ठिकाणांपेक्षा सोपे आहे.

दुकानात मिळणाऱ्या ‘एन्झाइम’च्या गोळ्या त्याच का?

नाही. दात काढल्यावर किंवा मार लागल्यावर सूज उतरण्यासाठी चिठ्ठीवर ‘सेराटिओपेप्टिडेज’ लिहिलेले अनेकांनी पाहिले असेल. तेही सेराशिया कुळातल्या जीवाणूपासून येते, म्हणून गोंधळ होतो. पण ते प्रथिने तोडणारे एन्झाइम आहे, डीएनए तोडणारे नाही. जपानमध्ये टाकेडा कंपनीने २०११ साली हे औषध परिणामकारकता सिद्ध न झाल्याने बाजारातून मागे घेतले. भारतात त्याच्या गोळ्या आजही खपतात.

डीएनेजची गोळी घेऊन कफ किंवा पू पातळ होत नाही. एन्झाइम हे प्रथिन आहे. पोटात गेले की तेही पचते. म्हणून ते जिथे हवे तिथेच द्यावे लागते, फुप्फुसात वाफेने किंवा छातीच्या पोकळीत नळीतून. आणि नळीतून द्यायचे ते टीपीएच्या जोडीने, डॉक्टरांच्या देखरेखीत.

नातेवाइकांनी काय लक्षात ठेवावे?

न्यूमोनियाचे औषध चालू असूनही तीन-चार दिवसांत ताप उतरत नसेल, एका कुशीत दुखत असेल, दम लागत असेल तर थांबू नये, पुन्हा एक्स-रे किंवा सोनोग्राफी करून घ्यावी. पू लवकर सापडला तर बहुतेकदा नळी आणि प्रतिजैविके पुरतात. नळीतून येणे बंद झाले आणि एक्स-रे तसाच पांढरा असेल, तर डॉक्टरांना विचारावे : आत पू शिल्लक आहे का, तो कप्प्यांत अडकला आहे का, नळीतून औषध सोडून तो काढता येईल का, की शस्त्रक्रियाच योग्य. उत्तर प्रत्येक रुग्णाचे वेगळे असेल. पण प्रश्न वेळेत विचारला तर पर्याय जास्त असतात. पंधरा दिवसांनी साल जाड झाल्यावर विचारला तर उत्तर बहुधा एकच उरते.